चौदा मिलिमीटरचं कडं

७ जानेवारी

आणि अकरा दिवस नाही, तेरा. तुझ्या शाळेत शिपाई म्हणून मी तेरा दिवस काढले. दोन वर्षं झाली तरी तू अजून सगळ्यांना अकराच सांगतेस, असं भावोजींच्या पत्रावरून दिसतं. धरसोड्या म्हण, पायाला भिंगरी लागलेला म्हण, ते मी ऐकून घेईन. पण गणिताच्या बाईंनी तरी आकडा बरोबर सांगावा की नाही?

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि साखरेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय न टाकणारी तू, हातात घेतलंस की वाचशीलच. माझ्या अक्षराला नावं ठेव. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, त्यापुढचं मिळणार नाही.

भावोजी लिहितात, तुझा आवाज परत बसलाय. पासष्ट पोरांपुढं ओरडायचं, वर पंख्याची खडखड, आवाज बसणार नाही तर काय उठून उभा राहणार? तेवढ्यासाठीच लिहायला बसलो. कारण ताई, मी जिथं काम करतो तिथं घशाच्या गोळ्या होतात. आणि सध्या होतायत त्या साध्यासुध्या नाहीत.

पहिल्यापासून सांगतो. दुमजली इमारत. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. तीन खोल्या. पाकखोलीत मी. बांधणीच्या खोलीत मावशी आणि तिच्या हाताखालच्या पाच बायका गोळ्यांना कागद गुंडाळतात. टोकाला काचेची खोली, तिथं बाई. बाई म्हणजे जंतूंच्या बाई. मोठ्या शिकलेल्या आहेत, पण चहा कपाऐवजी काचेच्या चंबूतून पितात. मालकांची खोली म्हणजे जिन्याच्या तोंडाशी ठेवलेलं टेबल, म्हणजे येणारा-जाणारा कोणी सुटत नाही.

मी इथं आलो तो साखरेची पोती चढवायला. त्या दिवशी पाकाच्या म्हाताऱ्याचा उष्णतामापक फुटला आणि तो हातावर हात धरून बसला. कढई तर उकळतेय. मी पोतं खाली ठेवलं, काडीनं पाकाचा थेंब घेतला, थंड पाण्यात सोडला, दाताखाली धरला. म्हणालो, अजून दोन मिनिटं, आत्ता चिकटतोय. दोन मिनिटांनी थेंब पाण्यात पडला तो कट् करून तुटला. म्हातारा म्हणाला, "कुठं शिकलास?" मी म्हणालो, "कुठंच नाही, ताईच्या घरी चोरून साखर जाळायचो." पुढच्या महिन्यात म्हातारा मुलाकडं राहायला गेला आणि कढई माझ्याकडं आली. इथं मला सगळे पाक्या म्हणतात. पाच महिने झाले. परत वाच: पाच महिने.

आता खरी गंमत. बाईंना अशी गोळी करायचीय की जी घसा नुसता गार करणार नाही, घशातले जंतू मारील. ज्येष्ठमध, आलं, ओवा आणि पुदिना यांचा अर्क. त्यासाठी जंतू पाहिजेत म्हणून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या घशात कापूस फिरवला. काचेच्या बशीत खळीसारखा पारदर्शक थर असतो, ते जंतूंचं जेवण. त्यावर कापूस पुसायचा आणि बशी उबेच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी माझी बशी सगळ्यांत भरलेली. मावशी म्हणाली, "पाक्या, तुझ्या घशात लग्नाचं वऱ्हाड उतरलंय." तेव्हापासून इथं जे जंतू वाढवतात ते माझेच. म्हणजे संशोधनात माझा वाटा आहे, हे तुझ्या स्टाफरूममध्ये सांगायला हरकत नाही.

अडचण अशी की नुसता अर्क बशीत घातला की जंतू भोवतालचे मरतात आणि स्वच्छ गोल कडं पडतं, वीस मिलिमीटरचं. तोच अर्क गोळीत घातला की काहीच नाही. शून्य. बाई आठ दिवस त्या शून्याकडं बघत बसल्यात.

उत्तर पाठवू नकोस. पाठवायचं नाहीच ना तुला, म्हणून आधीच सांगितलं.

२३ जानेवारी

ताई, चार!

चार मिलिमीटर! काल सकाळी बाईंनी बशी उजेडात धरली आणि पट्टी लावली. मी दारात उभा होतो, कारण आत चपला घालून यायला मला बंदी आहे. त्या म्हणाल्या, "अरे, आत ये." चपला तशाच! मी बघितलं तर माझ्या जंतूंच्या गर्दीत बारीकसं स्वच्छ कडं. टाचणीच्या डोक्याभोवती कुणी झाडलोट करावी तसं.

आणि हे कुणामुळं? सांगू का? नाही, तू विश्वास ठेवणार नाहीस. तरी सांगतो.

बाई अर्क कढईत ओततात तेव्हा सगळी खोली घमघमते. खालचा टायरवालासुद्धा वर मान करून बघतो. मागच्या आठवड्यात मी म्हणालो, "बाई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल."

"जे खोलीत पसरतं, ते गोळीत कसं राहील?"

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं की उष्णतेनं जातं. पण पाक गार झाल्यावर दगडासारखा होतो, मग घालू कसं?"

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं आणि मला होतं. पाक उकळता असतो आणि दगड असतो, त्याच्या मध्ये एक वेळ असते. थंड फरशीवर ओतला की कडेनं आधी गार होतो, मधे ऊन राहतो. कडा मधे दुमडायच्या, परत दुमडायच्या, कणीक मळतात तसं. सहा-सात मिनिटं तो मऊ असतो, हाताला सोसवेल न सोसवेल इतका ऊन. अर्क तेव्हा घालायचा. दोन जोड हातमोजे घालून मी तो मळला. बोटं भाजली, फोड आले. त्या फोडांचे चार मिलिमीटर आहेत बरं का ते.

मालकांना दाखवलं. त्यांनी घड्याळात बघितलं (ते काहीही बघायचं झालं तरी आधी घड्याळात बघतात) आणि म्हणाले, "चारात काय होतंय? दहा हवेत." वीस फेब्रुवारीला औषधदुकानांची खरेदी बघणारी माणसं येणार आहेत. तोवर दहा झाले तर गोळी पुढं जाईल. नाही झाले तर काचेची खोली रिकामी करून तिथं खोकी ठेवायची, बाईंना निरोप द्यायचा, आणि मी परत लाल-पिवळ्या गोळ्या करायच्या. असं स्वच्छ सांगितलं त्यांनी, बाईंच्या तोंडावर. बाई आत जाऊन चंबू धुवायला लागल्या. आधीच धुतलेला होता.

मला लाल-पिवळ्या गोळ्या करायच्या नाहीत, ताई. हे वाक्य माझ्याच हातून लिहून झालं तेव्हा मी जरा थांबलो. आजवर मला एवढंच कळायचं की हे करायचं नाही, तेही करायचं नाही, इथं राहायचं नाही. काय करायचंय ते पहिल्यांदाच कळतंय. हसू नकोस. घसा दुखेल.

बाईंनी आज मला हातांवरून झापलं. म्हणाल्या, "तुझ्या नखांतच एवढे जंतू आहेत की गोळीला बाहेरचे मारायला वेळच मिळणार नाही." नखं काढली. दिवसातून दहादा हात धुतोय. तू पंधरा वर्षं सांगून जे झालं नाही, ते बशीत बघितल्यावर एका दिवसात झालं.

८ फेब्रुवारी

चौदा! चौदा! चौदा!

बस, मला आणखी काही लिहायचं नाही. नाही, लिहायचंय. ताई, काल बाईंनी तीनदा मोजलं. मग मावशीला बोलावून मोजायला लावलं. मग मालकांना. चौदा मिलिमीटर. बशीतल्या थराला गोळ्या ठेवायला भोकं पाडतात, त्यातल्या शेजारच्या भोकात साधी गोळी, अर्काशिवायची, तिच्याभोवती काही नाही. म्हणजे साखरेचं काम नाही हे, गोळीचंच आहे. मालकांनी घड्याळात बघितलंच नाही! सरळ खिशातून पाकीट काढलं आणि सगळ्यांना चहा सांगितला. बाईंनी तो कपातून प्यायला, यावरून काय ते ओळख.

आणि नुसतं बशीत नाही. तोंडात टाकली की जिभेवर असं चुरचुरतं, घशापर्यंत जातं. मावशी म्हणाली, "अगं बाई, औषध असं असतं! खाल्ल्याचं कळलं पाहिजे." बांधणीच्या बायकांनी दोन-दोन खाल्ल्या. मालक तर खिशात घेऊनच हिंडतायत, भेटेल त्याला देतात आणि विचारतात, "असर जाणवतोय?" जाणवणार नाही तर काय! मी दोन दिवसांत वीस-बावीस खाल्ल्या असतील.

कशामुळं झालं ते बाईंनाही नक्की सांगता येत नाही. अर्क थोडा वाढवला होता. पण खरं सांगू? मला वाटतं स्वच्छतेमुळं. मी आता पाकखोलीत घाणीचा कण ठेवत नाही. बाईंचं टेबल पुसायचं निळं पाणी असतं, जंतुनाशक, त्याचा एक कॅन मी मागून घेतला. रोज सकाळी फरशी, सुऱ्या, गोळ्या पाडायचे पितळी रूळ, सगळं त्यानं पुसतो. जंतू येतोच कुठून बघू!

सोबत डबा पाठवलाय. पन्नास गोळ्या आहेत. वर्गाआधी एक, मधल्या सुट्टीत एक, घरी आल्यावर एक. चावायची नाही, चघळायची. चिमणीला देऊ नकोस, लेकीच्या हातात एक गोळी दिलीस की डबा रिकामा होईल. भावोजींना एखादी दे.

तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण गोळी खा. ती मी केलीय.

१२ फेब्रुवारी

ताई, त्या गोळ्या खाऊ नकोस.

खाल्ल्या असशील तर आणखी खाऊ नकोस. चूळ भर, पाणी पी. डबा फेकून दे. पोरांच्या हाताला लागेल असा फेकू नकोस.

तुला चार फोन केले, तू उचलले नाहीस. भावोजींच्या फोनवर तीन निरोप ठेवले, पण भावोजींना निरोप ऐकता येत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून हे जलद टपालानं.

काय झालं ते सांगतो. मी बाईंच्या मागं लागून बशी करायला शिकलो. काल सुट्टी होती, त्यांनी किल्ली दिली होती, म्हटलं एकट्यानं करून बघावी. अर्काची गोळी होती, पण शेजारी ठेवायला साधी गोळी हवी. बाईंचा साध्या गोळ्यांचा जुना डबा कपाटात बंद. मग मी परवा सकाळच्या पहिल्या घाण्यातला उरलेला तुकडा घेतला. रोज पहिला घाणा साधाच असतो, नुसती साखर. रूळ ऊन व्हायला तो त्यांच्यातून काढायचा आणि परत कढईत टाकायचा. त्यात ना ओवा, ना पुदिना, काही नाही.

आज उघडून बघितलं. साध्या तुकड्याभोवती कडं. तेरा मिलिमीटर.

आधी वाटलं बशा अदलाबदल झाल्या. मग बसलो स्टुलावर. कडं ओव्याचं नाहीच, ताई. निळ्या पाण्याचं आहे. बाटलीवर लिहिलंय की पुसल्यावर उकळलेल्या पाण्यानं धुवायचं. ते मी वाचलं होतं. पण मला वाटलं, धुतलं की परत जंतू लागतील, त्यापेक्षा तसंच ओलं ठेवू. जास्त स्वच्छ! तोच पाक त्याच फरशीवर मळला, त्याच रुळातून काढला. जीभ चुरचुरत होती ती त्याचीच. मालक पाच दिवस लोकांना फरशी पुसायचं पाणी चाखवत हिंडतायत आणि असर विचारतायत.

कुणाला माहीत नाही. बाई उद्या येतील. मालकांनी तीन पोती गोळ्या करून ठेवल्यात, वीस तारखेसाठी. नवे डबे छापून आलेत.

खोलीवर येऊन मी पिशवी भरली. दोन शर्ट, पॅंट, वस्तरा. भरून झाली आणि मग हे लिहायला बसलो. आता पिशवी समोर आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. अकराच होते. तू बरोबर सांगत होतीस. शेवटचे दोन दिवस मी शाळेच्या फाटकापर्यंत येऊन परत गेलो, ते मी तेरात धरत होतो. आणि पळालो ते कंटाळून नाही. परीक्षेच्या दिवशी अर्धा तास आधी घंटा मी वाजवली. घड्याळ चुकीचं वाचलं. पोरांचे पेपर काढून घेतले, सगळी ओरड तुझ्यावर आली, कारण मला तू लावून दिलं होतंस. मी जिन्याखाली उभा राहून ऐकत होतो. म्हणायला हवं होतं की माझी चूक. म्हणालो नाही. त्यानंतर चार ठिकाणी काम धरलं, चारही सोडलं, तेही भावोजींना लिहिलं नव्हतं.

गोळ्या खाऊ नकोस. एवढंच महत्त्वाचं आहे या पत्रात.

१४ फेब्रुवारी

तू फोन मधेच ठेवलास, म्हणून उरलेलं लिहितो.

ठेवलास की आवाज गेला? शेवटी नुसती घरघर येत होती. दोन वर्षांनी तुझा आवाज ऐकला तर तो असा, गंजलेल्या बिजागरीसारखा. मी जिन्यात उभा होतो. मला वाटलं तू आधी शिव्या देशील. तू म्हणालीस, "मूर्खा, तू किती खाल्ल्यास?"

मी म्हणालो, "वीस-बावीस."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"तू किती खाल्ल्यास?"

"दोन. चिमणीनं यांच्या फोनमधले निरोप ऐकले, नाहीतर तिसरी तोंडात होती." मग म्हणालीस, "तिथं सांगितलंस?"

आणि मी म्हणालो, "हो."

ताई, मी सांगितलं नव्हतं. काल दिवसभर बाईंच्या समोरून जात होतो, येत होतो, पाक करत होतो, तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. तुला हो म्हणालो ते खोटं होतं. फोन ठेवला आणि मला कळलं की आता दोनच रस्ते आहेत: एक तर तुझ्याशी परत एकदा खोटं बोललो असं होऊ द्यायचं, नाहीतर ते लगेच खरं करायचं. जिन्याच्या चौदा पायऱ्या आहेत. चढून वर गेलो.

मालक टेबलाशी होते, बाईही तिथंच उभ्या होत्या. मी म्हणालो, "चौदाचं कडं माझ्या चुकीचं आहे," आणि एका दमात सगळं सांगितलं. बशी पुढं ठेवली.

मालकांच्या तोंडात तेव्हाही गोळी होती. ती त्यांनी हातावर काढली आणि तिच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "म्हणून माझं तोंड आलंय होय!"

बांधणीच्या खोलीतून मावशी ओरडली, "आणि मला वाटलं तिखटानं!"

मग मात्र ते उठले. तीन पोती, छापलेले डबे, सहा दिवस, सगळं बाहेर आलं. मला म्हणाले, "चालता हो. आत्ताच्या आत्ता." मी हललो नाही. धीटपणा म्हणू नकोस, भरलेली पिशवी खोलीवर होती. बाई इतका वेळ बशी उजेडात धरून होत्या. त्यांनी विचारलं, "पहिल्या घाण्याचा तुकडा ठेवायचं तुला कसं सुचलं?"

"तुमचं कपाट बंद होतं."

त्या हसल्या. खरंच हसल्या. मालकांना म्हणाल्या, "चूक माझी जास्त आहे. साधी गोळी त्याच फरशीवरची, त्याच दिवशीची हवी, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. मी जुन्या डब्यातली ठेवत राहिले. हे बाहेरच्या तपासणीत निघालं असतं तर तुमचं दुकान बंद झालं असतं. यानं आपल्याला वाचवलंय." आणि पुढं, "शिवाय सहा दिवसांत दुसरा पाक करणारा मिळणार आहे का तुम्हाला?"

मालकांनी घड्याळात बघितलं.

बाईंनी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. पोटाला धोका नाही, तोंडाची सालं निघतील, आठवड्यात बरं होईल. तू आणि भावोजी ताक-दूध असं मऊ खा. तीन पोती आम्ही पाण्यात विरघळवून ओतून दिली. मी, मावशी आणि मालक स्वतः. मालक प्रत्येक बादलीला एक शिवी घालत होते, पण बादली उचलत होते.

आता जातो. फरशी उकळत्या पाण्यानं चारदा धुतलीय, पाचव्यांदा धुवायचीय.

२१ फेब्रुवारी

नऊ.

दहा नाही, नऊ. पण ताई, हे नऊ असे आहेत की त्यांच्यावर तू घर बांध!

निळं पाणी गेल्यावर पहिली बशी आली तीनची. बाईंचं तोंड उतरलं. मालक म्हणाले, खोकी मागवू का? मग बाईंनी अर्क वाळवून त्याची भुकटी केली. ओला अर्क मळताना मला पाक सारखा ऊन ठेवावा लागायचा, नाहीतर सुटून यायचा. भुकटीला ती अडचण नाही. मी पाक आणखी गार होऊ दिला, जवळजवळ हट्टाला पेटेपर्यंत, मग पातळ लाटला, भुकटी पसरली, घडी. परत लाटला, परत भुकटी, परत घडी. बत्तीस घड्या. खांदे गेले कामातून. त्यात आणखी एक झालं: घड्यांमुळं गोळी विरघळायला वेळ लागतो. आधी चार मिनिटांत संपायची, आता नऊ. म्हणजे औषध घशाशी जास्त वेळ थांबतं. हे बाईंना सुचलं नव्हतं, मलाही नाही, गोळीनंच आपलं आपण केलं. सहा आले. मग आठ. एकोणीस तारखेला सकाळी नऊ. आणि शेजारी त्याच फरशीवरची, त्याच सकाळची साधी गोळी: शून्य. तो शून्य बघून मला नवापेक्षा जास्त आनंद झाला, काय सांगू.

तुझं कार्ड त्याच दिवशी मिळालं. तीन ओळी. "तोंड बरं आहे. खरी झाली की पाठव. घंटेचं समोर येऊन बोल." मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय. मालकांकडं रजा मागितली. म्हणाले, आधी काम.

काल ती माणसं आली. एक खरेदीच्या बाई, एक चष्मेवाले गृहस्थ. मालकांनी नवा शर्ट घातला होता. आमच्या बाईंनी दोन्ही गोळ्यांची बशी पुढं ठेवली. चष्मेवाल्यांनी साध्या गोळीच्या भोकावर बोट ठेवलं. "इथं तर काहीच नाही. हे कशाला दाखवताय?"

मी कोपऱ्यात होतो. मला बोलायला सांगितलं नव्हतं. पण तू मला ओळखतेस. म्हणालो, "ते काहीच नाही, हे दाखवायलाच आम्हाला सहा दिवस लागले." आणि निळ्या पाण्यापासून सगळं सांगून मोकळा झालो. मालक टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होते, माझा अंगठा अजून सुजलाय.

चष्मेवाल्यांनी एक गोळी तोंडात टाकली. नऊ मिनिटं, ताई! नऊ मिनिटं ते चघळत होते आणि मालक घड्याळात बघत होते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर. मावशी दाराच्या फटीतून.

गोळी संपली तेव्हा ते म्हणाले, "चुरचुरत नाही."

"नाही," मी म्हणालो. "चुरचुरणारी ओतून दिली."

ते हसले. खरेदीच्या बाईंनी वही काढली. सहाशे डबे, बघण्यापुरते. बाहेरच्या प्रयोगशाळेतून नऊ मिलिमीटर परत मोजून येईपर्यंत डब्यावर जंतूंचा शब्द लिहायचा नाही, फक्त "घशाला आराम" लिहायचं. आमच्या बाई लगेच हो म्हणाल्या. मालकांचं तोंड जरा कडू झालं, पण म्हणाले, काचेची खोली राहू द्या, खोक्यांना जिन्याखाली जागा आहे. ती माणसं खाली गेली आणि मावशीनं मला पाठीत असा धपाटा घातला की मला वाटलं परत तीन पोती आली अंगावर. बाई चंबू घेऊन खिडकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाक्या, बत्तीस घड्या सहाशे डब्यांना जमतील?" मी म्हणालो, "बाई, तुम्ही मोजत राहा."

सहाशे डबे झाले की रजा, मालक कबूल झालेत. म्हणजे तीन आठवडे. बोलायचं ते सगळं तेव्हा बोलेन, घंटा, जिना, सगळं. तू शिव्या द्यायला आवाज शाबूत ठेव. सोबत बारा गोळ्या आहेत, एकोणीस तारखेच्या घाण्यातल्या. आधी मी स्वतः चार खाऊन दोन दिवस थांबलो, मगच पाठवतोय. या वेळी चिमणीलाही दे.

मालकांनी ओतून दिलेल्या साखरेचे पैसे माझ्या पगारातून कापले. बाई भांडल्या, म्हणून अर्धेच कापले. खोलीचं भाडं, खाणं आणि भाजलेल्या बोटांचं मलम गेल्यावर जे हातात राहिलं ते सगळं तुमच्या ताक-दुधाचे म्हणून या पत्राबरोबर पाठवतोय, आणि परत केलंस तर मी परत पाठवीन. एकशे नव्वद रुपये.